विहीर उपसली तो दिवस

ओढ्याला पाणी आल्याचं बोरगुंडीत सगळ्यांच्या आधी शिवबाईला कळलं, आणि तेही विहिरीवरून.

सकाळचा नऊचा सुमार होता. उत्तरा नक्षत्र निम्मं सरलं होतं. गावावर आभाळ नुसतं भरून उभं होतं, पण थेंब नव्हता. मोट जुंपायच्या आधी शिवबाईनं सवयीनं विहिरीत डोकावून पाहिलं, तर निवळ पाण्यात तांबड्या मातीची एक रेघ फिरत होती. ती बघत असतानाच रेघ पसरली, सगळं पाणी गढूळ झालं आणि भिंतीचा एकेक दगड गिळत वर यायला लागलं. वरच्या अंगाला कुठंतरी दांडगा पाऊस झाला असणार.

मग तिला उजाडता उजाडता भुयारात उतरलेली तीन माणसं आठवली. हातातला मोटेचा नाडा तिनं तसाच खाली टाकला आणि ती ओढ्याकडं पळाली.

बोरगुंडी म्हणजे मंद्रूपच्या पुढं दीड कोसावरचं गाव. गावाच्या उगवतीला खडकाचा उंचवटा, त्यावर कलमेश्वराचं देऊळ, आणि उंचवट्याच्या पायथ्याला ओढा. ओढ्याच्या दरडीत माणूस वाकून आत जाईल एवढं भुयाराचं तोंड होतं. आत दहा-बारा पायऱ्या खाली उतरायच्या, मग एक सखल बोळ लागायचा, आणि बोळ संपला की पुन्हा चढण, ती थेट देवळाच्या पोटातल्या खोलीपर्यंत. त्या खोलीच्या भिंतीवर जुन्या कानडीतला लेख होता. सोलापूरच्या हायस्कुलातले चिंतामणी मास्तर दोन वर्षं प्रत्येक सुट्टीत येऊन तो कागदावर उतरवून घेत होते. मास्तरांना कानडी बोलता यायचं, पण ती जुनी अक्षरं लागत नव्हती, म्हणून मठातला पंचाक्षरी त्यांच्या सोबतीला असायचा. कंदील धरायला आणि वाट दाखवायला गावचा मेंढपाळ बिरप्पा. आज सकाळी हे तिघं शिवबाईच्या बांधावरून गेले, तेव्हा तिनंच त्यांना भाकरी बांधून दिली होती.

ओढ्यावर पोचली तर दरड दिसेना. तांबडं पाणी काठाला लागून चाललं होतं, त्यात बाभळीची अख्खी झाडं येत होती. भुयाराचं तोंड पुरुषभर पाण्याखाली गेलं होतं. तिथं पाणी गोल फिरून आत ओढलं जाताना दिसत होतं, तेवढीच काय ती खूण.

घटकाभरात सगळं गाव काठावर जमलं. बायकांनी बिरप्पाची बायको गौरम्मा हिला मधे घेतलं होतं आणि मोठ्यानं रडायला सुरुवात केली होती. एका म्हातारीनं तर तिचा हात धरून बांगड्यांवर दगड उचलला. शिवबाईनं तो दगड म्हातारीच्या हातातून काढून घेतला आणि पाण्यात फेकून दिला.

"माणूस मेलेला कुणी बघितलाय का?" ती म्हणाली. "न्हाय ना? मग बांगड्यांना हात लावू नगा."

"शिवबाई, पाणी बघ की किती हाय," म्हातारी म्हणाली.

"पाणी बघितलंय. माणसं बघायची ऱ्हायलीत."

गौरम्मानं डोळे पुसले. ती शिवबाईच्या मागं येऊन उभी राहिली.

गावचे पाटील सिद्धाप्पा हे देवळाचेही पंच होते. त्यांनी मंद्रूपला घोड्यावरून माणूस धाडला आणि अकराच्या आत फौजदार दोन शिपाई घेऊन आले. सोलापुरातला मार्शल लॉ उठून दोन वर्षं होऊन गेली होती, पण चार माणसं एका जागी दिसली की या फौजदारांच्या कपाळाला अजून आठी पडायची. त्यांनी काठावरून पाणी पाहिलं, पाटलांशी इंग्रजी-मराठीत दोन शब्द बोलले आणि छडीनं लोकांना मागं सारलं.

"कुणीही पाण्याजवळ जायचं नाही," ते म्हणाले. "सोलापूरहून इंजिनियर मागवलाय. तो आल्यावर काय ते ठरेल. उद्या पाणी उतरलं की पंचनामा करू. आता सगळे घरी जा."

"साहेब," शिवबाई म्हणाली, "वाटंतली सीना दुथडी चाललीय. सोलापूरचा माणूस हिकडं परवाबिगर येत न्हाय."

"मग परवा."

"तवर आतली माणसं काय करतील?"

फौजदारांनी पाटलांकडं पाहिलं. "ही कोण?"

"एकनाथाची बायको," पाटील म्हणाले. "सात वर्षांमागं विहिरीत दबून मेला, त्याची. मोट हाकती सोताच. जरा तशीच हाय."

सोताच मोट हाकती, हे बोरगुंडीत शिवबाईबद्दल नेहमी याच सुरात सांगितलं जायचं. बाईनं मोट हाकली की विहीर आटते, असं गावातले म्हातारे म्हणत. सात वर्षं तिची विहीर आटली नव्हती आणि म्हाताऱ्यांचं म्हणणंही थांबलं नव्हतं.

शिवबाई तिथून निघाली ती देवळात गेली. नंदीपाशी फरशीवर आडवी झाली आणि कान लावला. गौरम्माही तिच्याशेजारी आडवी झाली. आधी नुसता घों-घों आवाज आला, मोठ्या घागरीत पाणी ओतल्यासारखा. मग त्या आवाजाखालून, लांबून, दुसरा आवाज आला. ठक, ठक, ठक. थोडा वेळ काही नाही. पुन्हा ठक, ठक, ठक. लेखावरचा चुना ठोकून काढायला मास्तर बारकी हातोडी नेत असत, ती शिवबाईनं सकाळीच त्यांच्या हातात पाहिली होती.

गौरम्मा उठून बसली आणि तिनं तोंडात पदराचा बोळा घातला.

फौजदारांना बोलावून आणलं. त्यांनी रुमाल अंथरून त्यावर गुडघा टेकला, ऐकलं, आणि उठून गुडघा झाडला.

"पाण्यानं दगड आपटतायत," ते म्हणाले.

"तीन येळा आपटून थांबत्यात व्हय साहेब? पाण्याला मोजता येत न्हाय."

"हे बघ बाई, समज जिवंत आहेत. वरून खणायचं म्हटलं तर दहा हात काळा दगड आहे. खालून जायचं तर पूर आहे. वेडेपणा करून आणखी चार माणसं बुडाली तर जाब मला द्यावा लागेल. थांबायचं म्हणजे थांबायचं."

थांबायचं, हा शब्द शिवबाईच्या कानाला नवा नव्हता. सात वर्षांपूर्वी एकनाथ विहीर खोल करत असताना बाजूचा मुरूम ढासळला आणि तो खाली अडकला. तेव्हाही आतून टिकावाचा आवाज येत होता. तेव्हाही कोणीतरी म्हणालं होतं, फौजदार येईपर्यंत हात लावू नका, बाजू आणखी ढासळेल. ती तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. पदर डोक्यावर घेऊन ती मोटेच्या धावेवर बसून राहिली, मोठी माणसं सांगतायत म्हणून. संध्याकाळपर्यंत आवाज येत राहिला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता फौजदार आले, तेव्हा आत काहीच वाजत नव्हतं.

आणि त्या अपघाताच्या दोन दिवस आधीची एक गोष्ट तिच्याशिवाय कोणाला माहीत नव्हती. सोळा हातांवर खोदताना एकनाथाला बाजूच्या भिंतीत घडीव दगड लागला होता. त्यानं पहारीनं एक दगड हलवला, तर मागं पोकळी. आतून गार वारा आला. एकनाथानं हात घालून पाहिलं आणि हसून म्हणाला होता, देवाच्या बोळात पोचलो की. मग गावाला कळलं तर भांडण होईल म्हणून त्यानं तो दगड परत बसवला आणि भोवती दगडाच्या चिपा ठोकल्या. शिवबाई त्या वेळी त्याच्याशेजारी कंदील धरून उभी होती. ओढा लाल झाला की तिची विहीर लाल का होते, याचं कोडं तिला त्या दिवशी सुटलं होतं.

देवळाच्या पायऱ्या उतरता उतरता तिचं ठरलं. विहिरीचं पाणी आणि बोळाचं पाणी एकच. विहीर उपसली तर बोळही उपसेल.

तिनं बैल जुंपले. मोट पाण्यात सोडली, भरली, बैल धावेवरून खाली हाकले, आणि पहिली मोट थारोळ्याच्या दगडी कुंडात उपडी झाल्याचा आवाज ओढ्याच्या काठापर्यंत गेला. दुसरी मोट वर येईपर्यंत फौजदार शिपायांसह बांधावर आले होते.

"काय चाललंय हे?"

"विहीर उपसतीया."

"मी हुकूम दिला होता."

"पाण्याजवळ जाऊ नगा म्हनून दिला हुता, ओढ्याच्या. ही विहीर माजी हाय. बैल माजे हायेत. आपल्या विहिरीतलं पाणी काढायला सरकारचा हुकूम कवापासनं लागतो, ते सांगा."

"तुला पकडून नेऊ शकतो मी."

"न्या की. तिघं भाईर आले की मी सोता तुमच्या म्होरं चालत मंद्रूपला येते. आता मला येळ न्हाय." तिनं बैलांना मागं सरकवलं आणि मोट पुन्हा सोडली. हे बोलताना तिचा आवाज चढला नव्हता.

एका मोटेनं ती विहीर दोन दिवसांत उपसली नसती. गाव बांधापलीकडं उभं होतं. शिपाई मधे उभे होते. बराच वेळ कोणी हललं नाही. चार मोटा झाल्या, पाच झाल्या, दहा झाल्या.

मग महादेवप्पा आला. त्याचं शेत शिवबाईच्या शेताला लागून होतं आणि बांधावरून दोघांचं चार वर्षं बोलणं बंद होतं. साठीचा माणूस, कपाळाला विभूती, आयुष्यभर लोकांच्या विहिरी पाडलेला. ओढा लाल झाला की तिची विहीर लाल होते, हे शेजारी म्हणून त्यानंही दरसाल पाहिलं होतं. तो आपली बैलजोडी आणि खांद्यावर मोट घेऊन सरळ शिपायांच्या मधून आत शिरला. शिपाई त्याच्याकडं बघत राहिले.

"अक्का," तो म्हणाला, "दुसरं चाक कुटं बसवू?"

"चिंचेकडनं बसवा."

"आनि ओढ्याचं तोंड? त्ये बुजवल्याबिगर ह्ये पानी सरनार न्हाय. तू हितनं काढशील, त्यो तितनं भरील."

"बुजवायचं कशानं? धार लई हाय."

महादेवप्पानं डोळे बारीक केले. "पानी आत ओढतंय न्हवं? मग एक भक्कम दार त्याच्या म्होरं नेऊन सोडायचं. पानीच त्याला तोंडावर चिकटवून ठेवतंय. मग त्यावर पोती. पर दार दांडगं पायजे. आमच्या घरांची दारं म्हंजी फळकुटं."

"देवळाचं हाय," गौरम्मा म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

पाटील सिद्धाप्पा बांधावरून खाली उतरले. "देवाचं दार काढायचं? पंच म्हनून मी सांगतो, दाराला हात लावायचा न्हाय. दोनशे वर्सांचं सागवान हाय त्ये."

"पंचाक्षरी मठाचा माणूस हाय, पाटील," शिवबाई म्हणाली. "देवाचाच माणूस देवाच्या पोटात अडकलाय. देव दाराला न्हाय म्हनत असंल तर त्यानंच मला सांगावं. तुमी नगा सांगू."

तोवर गौरम्मा निघालीसुद्धा होती. तिच्यामागं आठ-दहा बायका गेल्या, त्यांत सकाळी दगड उचललेली ती म्हातारीही होती. देवळाचं उजवं दार त्यांनी पहारीनं खालून उचललं, खोबणीतून काढलं आणि डोक्यावर घेऊन उंचवटा उतरल्या. पाटील वाटेत उभे होते. बायका त्यांच्या दोन्ही अंगांनी निघून गेल्या.

त्यानंतर गाव थांबलं नाही. महादेवप्पानं काठावरच्या दोन बाभळींना दोर बांधला. पोहणारे सहा जण कमरेला सोलाचा दोर बांधून छातीभर पाण्यात उतरले. फौजदारांनी दोनदा ओरडून पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी वही काढली आणि एकेकाचं नाव लिहायला सुरुवात केली. लोकांनी जाता-येता आपली नावं सांगितली, बापाचं नाव आणि आडनावासकट, नीट लिहा म्हणून.

दार पहिल्यांदा सोडलं ते धारेनं पंधरा हात खाली नेलं. दोघे जण त्याच्याबरोबर वाहत गेले आणि दोरावर अडकले म्हणून वाचले. दुसऱ्यांदा दाराला चार दोर लावून ते वरच्या अंगानं हळूहळू सोडलं. भोवऱ्यापाशी आलं तसं ते एकदम आडवं झालं, थडाड आवाज झाला आणि दरडीला चिकटून बसलं. त्यावर मुरमाची पोती, कडब्याच्या पेंढ्या, चिखल, पुन्हा पोती. मुरूम खणायला पाटलांच्या वाड्यावरचे गडीही आले होते. पाटलांनी त्यांना पाठवलं की ते आपले आपण आले, हे कोणी विचारलं नाही.

इकडं विहिरीवर चार मोटा चालू झाल्या. गडबडीत बसवलेल्या चाकांचा नुसता कुरकुराट चालला होता. धावेवर पाणी सांडून चिखल झाला, बैल घसरायला लागले, तशा बायकांनी राख आणि भुस्सा आणून टाकला. दोन चाकांच्या मधल्या जागेतून बायका पोहऱ्यानं पाणी शेंदत होत्या. पाणी उतरत होतं. आधी बोटबोट, मग टीचभर, मग हातभर. शिवबाई प्रत्येक दगडावर नजर ठेवून होती. मधूनमधून एक बाई देवळात जाऊन फरशीला कान लावायची आणि बाहेर येऊन तीन बोटं वर करायची.

दुपार कलली. पाणी सोळा हातांच्या खाली गेलं. घडीव दगडांची ओळ उघडी पडली. चिपांच्या फटींतून पाण्याच्या बारीक धारा विहिरीत पडत होत्या. तेवढ्यात देवळातून आलेल्या बाईनं दोनच बोटं वर केली.

"दोनदाच वाजलं," ती म्हणाली. "आनि लई येळानं."

महादेवप्पानं वाकून फटींकडं पाहिलं. "विहिरीचं पानी उतरलं, पर बोळातलं तुंबलंय ह्या दगडांमागं. असं झिरपत ऱ्हायलं तर सकाळ हुईल. दगड काढाय पायजेत. मी उतरतो."

"कंचा दगड काढायचा ते तुमाला ठावं न्हाय," शिवबाई म्हणाली. "भलता काढला तर सगळी बाजू अंगावर येईल. मला ठावं हाय."

"अक्का, मागं पानी किती हाय बघ. दगड सुटला की फेकून देईल तुला."

"म्हनून दोर तुमी धरा."

तिनं कासोटा घट्ट केला, कमरेला आणि काखेतून नाडा बांधून घेतला, पहार घेतली आणि उतरली. सात वर्षांत ती विहिरीच्या या बाजूला कधी आली नव्हती. मोट ती रोज हाकायची, पण उतरायची ती पलीकडच्या पायऱ्यांनी. एकनाथावर ढासळलेला मुरूम इथून जेमतेम दोन हात खाली होता. आता तिथं गढूळ पाणी होतं. मनात एकच गोष्ट आली, की त्या दिवशी मी नुसती बसून होते, आज बसणार नाही. तिनं भिंतीवर हात फिरवला. वरून तिसऱ्या ओळीत, कोपरा उडालेला दगड. एकनाथाच्या पहारीनंच तो उडाला होता.

चिपा एकेक करून निघाल्या. पाण्याच्या धारा जाड झाल्या, तिच्या तोंडावर उडायला लागल्या. तिनं पहार फटीत घातली आणि सगळा भार टाकला. दगड हलला नाही. पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा दगड किंचित पुढं सरकला, आणि मग तिला काही करावंच लागलं नाही. दगड तोफेच्या गोळ्यासारखा बाहेर आला. त्याच्यामागून आलेल्या लोंढ्यानं तिला उचलून विहिरीच्या मधोमध फेकलं. नाडा ताणला गेला, ती समोरच्या भिंतीवर आपटली, पुन्हा मागं आली. वर महादेवप्पा आणि चौघांनी टाचा रोवून नाडा धरला होता. तिच्या कपाळातून रक्त येत होतं आणि डावा खांदा उचलत नव्हता.

"वर घेऊ का?" महादेवप्पानं विचारलं.

"नगा. मोटा थांबवू नगा. चारी चालू ठेवा."

अर्धा तास ती तशीच नाड्याला लोंबकळत, पाय भिंतीच्या खोबणीत घालून राहिली. लोंढा उतरला, ओघळ झाला. तिनं उजव्या हातानं आणखी दोन दगड काढले. माणूस पोटावर सरकत येईल एवढं भगदाड झालं. तिनं तोंड आत घालून हाक मारली.

"मास्तर. बिरप्पा. कोण हाय का रं?"

तिचाच आवाज आतून फिरून आला. तिनं पुन्हा हाक मारली. मग अंधारातून कोणीतरी खोकलं.

"आहे," मास्तरांचा आवाज आला. "तिघंही आहोत. कोण बोलतंय?"

"मी शिवबाई. पाणी उतरलंय. बोळात या, उजव्या हाताला उजेड दिसंल. तिकडं या."

"मला चालता येत नाही, बाई. घसरून पाय मोडलाय."

"मग बिरप्पाला सांगा, पाठीवर घे म्हनावं. न्हायतर मी आत येते."

ती आत गेलीच. खांदा धरून, पोटावर सरकत, चिखलातून. बोळात गुडघाभर पाणी राहिलं होतं. बिरप्पा आणि पंचाक्षरी मास्तरांना दोन्ही बाजूंनी धरून येत होते. पाणी छातीला लागल्यावर त्या दोघांनी मास्तरांना आळीपाळीनं खांद्यावर घेतलं होतं. पंचाक्षरीचे ओठ निळे पडले होते. शेवटी हातोडी धरायची ताकद त्याच्यातच उरली होती, आणि त्यालाही तीनदा मारवत नव्हतं.

वरून बाज सोडली, चार कोपऱ्यांना दोर बांधून. आधी मास्तर वर गेले, मग पंचाक्षरी. बिरप्पा बाजेवर बसायला तयार होईना, तो नाडा धरून पायांनी भिंत चढत गेला. काठावर गौरम्मा होती. तिनं त्याच्या डोक्यावरचा चिखल पुसला आणि म्हणाली, "मेंढरं सकाळधरनं कोंडलेली हायेत."

शिवबाई सगळ्यांत शेवटी वर आली. सूर्य अजून बुडाला नव्हता. ती फौजदारांसमोर जाऊन उभी राहिली.

"चला," ती म्हणाली. "मंद्रूपला येते म्हनलं हुतं."

फौजदारांनी तिच्या कपाळाकडं पाहिलं, भोवती गोळा झालेल्या चिखलानं माखलेल्या गावाकडं पाहिलं आणि वही मिटली. "नंतर बघू," ते म्हणाले आणि घोड्यावर बसले.

चौथ्या दिवशी ते परत आले. सीना उतरली नव्हती, त्यामुळे मास्तर अजून महादेवप्पाच्या ओसरीवर, पायाला बांबूच्या कामट्या बांधून, बाजेवर पडून होते. फौजदारांनी एक लिहिलेला कागद आणि शाईची डबी काढली. शिवबाईला बोलावणं गेलं. डावा हात गळ्यात बांधलेला, अशी ती आली.

"जबाब आहे," फौजदार म्हणाले. "अंगठा दे. म्हणजे प्रकरण मिटलं, तुझ्यावर काही येणार नाही."

"मास्तर, वाचून दावा," शिवबाई म्हणाली.

मास्तरांनी कागद घेतला आणि वाचला. बोरगुंडी येथील भुयारात अडकलेल्या तीन इसमांची फौजदारसाहेबांच्या हुकमावरून व त्यांच्या देखरेखीखाली गावकऱ्यांनी सुटका केली, असं त्यात होतं. मास्तर वाचून थांबले.

"ह्याला मी अंगठा देत न्हाय," शिवबाई म्हणाली.

"बाई, विचार कर. नाहीतर सरकारी हुकूम मोडल्याचा खटला होईल."

"हुकूम मोडलाच की मी. त्ये कुटं लिवलंय ह्यात? आदी त्ये लिवा. हुकूम मोडला, देवळाचं दार काढलं, पाण्यात उतरले. मग अंगठाच काय, धा बोटं देते. साहेब, उद्या दुसऱ्या गावात कुनी असं अडकलं आनि तितल्या फौजदारानं थांबा म्हनलं, तर लोक काय म्हनतील? बोरगुंडीत सायबाच्या हुकमानं माणसं निघाली, आपन बी हुकमाची वाट बघू. त्या पाण्यात बसलेल्याचा जीव जाईल तवर. मी एकदा वाट बघितलीय."

फौजदारांचा चेहरा लाल झाला. मास्तरांनी बाजेवरच उशाखालचा कोरा कागद ओढून घेतला. भिजून फुगलेल्या त्यांच्या वह्या कोपऱ्यात वाळत पडल्या होत्या, दोन वर्षांचं काम त्यात पुसून गेलं होतं. त्यांनी टाक घेतला आणि शिवबाई सांगेल तसं लिहिलं, तिच्याच शब्दांत, एकही अक्षर न बदलता. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचलं. शिवबाईनं अंगठा उठवला. गौरम्मानं उठवला. महादेवप्पानं कानडीत सही केली. पंचाक्षरीनं केली. बिरप्पानं अंगठा इतका जोरात दाबला की कागद फाटला. मग अंगणात उभे असलेले एकेक करून ओसरीवर चढायला लागले. पाटील सिद्धाप्पा अंगणाच्या टोकाला उभे होते. ते वर आले नाहीत, पण गेलेही नाहीत.

फौजदारांनी दोन्ही कागद घड्या घालून खिशात ठेवले. त्यातला कोणता कचेरीत पोचला, बोरगुंडीत कोणाला कधी कळलं नाही. खटला झाला नाही आणि शाबासकीही आली नाही.

शिवबाईनं त्याची वाट पाहिली नाही. खांदा बरा व्हायला दिवाळी उजाडली असती आणि विहिरीत कमरेइतका गाळ बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवप्पा घमेली आणि चार माणसं घेऊन तिच्या बांधावर आला, तर ती आधीच विहिरीत उतरलेली होती आणि एका हातानं गाळ भरत होती.

"अक्का, वर ये," तो म्हणाला. "तुजा हात मोडलाय."

"डावा मोडलाय," खालून शिवबाई म्हणाली. "घमेलं सोडा."